हरल्यानंतरची पाच मिनिटे

अंबाजोगाई

प्रिय विद्यार्थिमित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज मिळाला. फोनवर उत्तर देता आले असते, पण तू विचारलेला प्रश्न सावकाश वाचण्याजोगा आहे, म्हणून लिहूनच पाठवतो. लातूरला खोली घेऊन नीटची तयारी करता करता नांदेड, परभणी, बीड, धाराशिव अशा ठिकठिकाणच्या, मोबाइलवर गोळीबाराचा गेम खेळणाऱ्या खेळाडूंच्या चॅट-ग्रुपची अ‍ॅडमिनकी तुझ्याकडे आली, आणि आल्याबरोबर भांडणेही आली. कोणते शब्द चालतील आणि कोणते चालणार नाहीत याची यादी तू माझ्याकडे मागितली आहेस. ती यादी मी देणार नाही. शिव्यांची यादी केली की मुले अक्षरांच्या मध्ये टिंबे टाकून तीच शिवी लिहितात किंवा नुसत्या आद्याक्षरांवर भागवतात. उलट आपल्याकडे वर्गमित्राला ‘अबे येड्या’ म्हटल्याशिवाय वाक्य सुरू होत नाही, आणि त्यात कुणाचा अपमानही नसतो. शब्द मोजत बसलास तर निरुपद्रवी माणूस सापडेल आणि खरा त्रास देणारा निसटून जाईल.

त्याऐवजी प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचार: हे बोलणे खेळाविषयी आहे की माणसाविषयी? ‘झोन आकसत असताना तू घरात लूट करत बसलास, म्हणून आपला स्क्वॉड गेला’ (झोन म्हणजे खेळातली सुरक्षित जागा, लूट म्हणजे सामान गोळा करणे, स्क्वॉड म्हणजे चौघांचा संघ) हे वाक्य कठोर असले तरी योग्य आहे. समोरच्याला त्यावर बोलता येते, कारण सांगता येते, पुढच्या मॅचमध्ये सुधारता येते. ‘तुझ्यासारख्याने मोबाइल हातात घेऊ नये’ या वाक्यावर मात्र तितकेच वाईट दुसरे वाक्य फेकण्याखेरीज त्याच्या हातात काही उरत नाही. ‘नूब’ (नवशिका) आणि ‘बॉट’ (संगणकाने चालवलेला खेळाडू) हे शब्द या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहेत. रोज एकत्र खेळणाऱ्या चौघांत ते थट्टेचे असतात, पण काल ग्रुपमध्ये आलेल्या आठवीच्या मुलाला तेच शब्द दहा जणांनी एकापाठोपाठ ऐकवले तर तो पुन्हा तोंड उघडणार नाही.

तुझ्या मेसेजमध्ये एक वाक्य होते की चार-पाच वाईट मुले काढली तर ग्रुप शांत होईल. या समजुतीविषयी मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण बहुतेक नवे अ‍ॅडमिन येथेच फसतात. ‘लीग ऑफ लेजंड्स’ हा खेळ चालवणाऱ्या रायट गेम्स या कंपनीने काही वर्षांपूर्वी आपल्या खेळाडूंच्या संभाषणाच्या नोंदी बारकाईने तपासल्या होत्या. सतत, सवयीने वाईट बोलणारे खेळाडू तिला साधारण १ टक्का आढळले, पण एकूण वाईट बोलण्यात त्यांचा वाटा अवघा ५ टक्क्यांच्या आसपास होता. बाकीचे बहुतेक सगळे एरवी नीट वागणाऱ्या, पण त्या दिवशी बिनसलेल्या खेळाडूंच्या तोंडून निघाले होते. म्हणजे ती चार-पाच मुले तू आज काढलीस तरी उद्या रात्री सराव परीक्षेत कमी गुण पडलेला, वरून रँक घसरलेला एखादा शहाणा मुलगा तेच बोलेल, आणि तो मुलगा तूही असू शकतोस.

याच कंपनीने आणखी एक साधा प्रयोग केला होता. प्रतिस्पर्धी संघाशी होणारे चॅट तिने आपणहून बंद ठेवले. ज्याला हवे त्याने ते सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावे, एवढीच अट ठेवली. चॅट वापरणाऱ्यांचे प्रमाण जवळपास पूर्वीइतकेच राहिले, पण अपमानास्पद बोलणे ३० टक्क्यांहून अधिक घटले. माणसे तीच होती. चॅट सुरू करण्यासाठी करावी लागणारी थोडी खटपट तेवढी मध्ये आली होती. ‘उचलली जीभ लावली टाळ्याला’ असे आपण म्हणतो, आणि मोबाइलवर तर जीभ उचलण्याचेही कष्ट नाहीत. म्हणून तुझ्या ग्रुपमध्ये एक रिवाज पाड: मॅच हरल्यानंतरची पाच मिनिटे कुणीही कुणाच्या खेळाविषयी लिहायचे नाही. महत्त्वाच्या मॅचनंतर तेवढा वेळ फक्त अ‍ॅडमिनला मेसेज टाकता येईल अशी सेटिंग करता येते, ती वापर. काही मुले कुरकुर करतील, त्यांना करू दे.

आता कंधारकडच्या त्या मुलाविषयी. शेवटच्या मॅचच्या ऐन भरात तो खेळातून गेला, स्क्वॉड हरला, ग्रुपवर त्याच्या गावावरून आणि जातीवरून मेसेज पडले, त्याने उत्तरादाखल आईवरून शिवी दिली, आणि आता सगळे त्यालाच काढा म्हणत आहेत. तुझ्या मेसेजमध्ये सगळा तपशील आहे, पण तो खेळातून का गेला हे कुठेही लिहिलेले नाही. याचा अर्थ त्याला ते कुणी विचारलेच नाही. पुण्यातल्या वायफायवर खेळणाऱ्याला कदाचित कळणार नाही, पण तुला कळायला हवे होते, की आपल्याकडे गावची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली तर दिवसच्या दिवस लाईट येत नाही, डोंगरकडेच्या वस्त्यांवर रेंजसाठी गच्चीवर चढावे लागते, आणि घरात एकच मोबाइल असेल तर वडिलांचा फोन आला की मॅच संपलीच. म्हणून आपल्या ग्रुपमध्ये पहिला नियम हा असावा की मध्येच गेलेल्या खेळाडूला आधी ‘काय झाले?’ असे विचारायचे आणि नंतरच रागवायचे. त्या मुलाला फोन कर आणि विचार. शिवी दिली म्हणून चार दिवस त्याचे ग्रुपवरचे लिहिणे बंद राहील, असे त्याला समजावून सांग. ज्यांनी त्याची जात काढली त्यांना मात्र ग्रुपमधून काढ, मग ते कितीही चांगले खेळत असोत.

येथे मी इतका कडक का आहे, हे तुला सांगायला हवे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात १९७८ साली झाला आणि नाव प्रत्यक्षात १४ जानेवारी १९९४ रोजी बदलले; मधल्या काळात आपल्याच गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली. त्या घरांतल्या मुलांची मुले आज तुझ्या ग्रुपमध्ये खेळत आहेत, आणि ज्यांनी तेव्हा पाहूनही न पाहिल्यासारखे केले त्यांचीही मुले खेळत आहेत. आयडीवर आडनाव दिसते, त्यावरून अंदाज बांधले जातात, आणि आरक्षणाचा प्रश्न तापला की गेमच्या ग्रुपवरही गट पडू लागतात. हा विषय महत्त्वाचा आहे, पण त्याची जागा हा ग्रुप नव्हे, हे पहिल्याच मेसेजला सांगावे. पन्नासाव्या मेसेजनंतर सांगितलेले कुणी ऐकत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाचा जातीवरून जाहीर अपमान करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हेही मुलांना ठाऊक असू दे. तरी कायद्याचा धाक हे माझे मुख्य कारण नाही. आडनाव पाहून बोलायचे असेल तर तो खेळच राहत नाही.

भाषेची टिंगल हा याचाच सौम्य दिसणारा प्रकार आहे. माइकवर कुणी ‘काय करूलालास’ म्हणाला की मुंबई-पुण्याचे खेळाडू हसतात, आणि आपली मुले माइक बंद करून नुसत्या पिंगवर, म्हणजे स्क्रीनवर खुणा करून, खेळू लागतात. पण देगलूरच्या मुलाच्या बोलण्यातले तेलुगू वळण किंवा उदगीरच्या मुलाचा कानडी हेल ऐकून आपणही तेच करतो. शत्रू कुठल्या बाजूने येतो आहे हे कळले, म्हणजे त्या भाषेचे काम झाले.

मुलींविषयी तू काहीच विचारले नाहीस. ग्रुपमध्ये मुली आहेत, पण त्या माइक सुरू करत नाहीत आणि काहींनी मुलांची नावे घेतली आहेत, एवढेच तू जाता जाता लिहिलेस. तसे त्या का करतात, हे तुला कळत असणारच. आवाज मुलीचा आहे असे कळताच खेळ बाजूला पडतो, ‘कुठली आहेस’, ‘इन्स्टा आयडी दे’ सुरू होते, आणि तिने चांगला खेळ केला तर ‘भाऊ खेळत असेल’ असे म्हटले जाते. वैयक्तिक मेसेजला उत्तर आले नाही म्हणजे ‘नाही’ हेच उत्तर आले, हा अर्थ ग्रुपमध्ये सर्वांना स्पष्ट सांग. नको म्हटल्यावरही एखाद्या स्त्रीशी पुन्हा पुन्हा संपर्क साधणे किंवा इंटरनेटवर तिच्या मागावर राहणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलाग ठरते. अशी तक्रार आली तर ती ग्रुपवर चर्चेला टाकू नकोस. स्क्रीनशॉट घे, तिला काय हवे ते तिलाच विचार, आणि त्याप्रमाणे कर.

‘हॅकर’ हा आरोपही असाच हलक्या हाताने केला जातो. भिंतीआडून गोळी लागली की समोरचा हॅक वापरतो असे आपल्याला वाटते, पण पुष्कळदा तो पावलांचे आवाज ऐकत असतो किंवा आपला पिंग वाढलेला, म्हणजे इंटरनेट अडखळत, असतो. आपण जाहीर नाव घेतले आणि तो निर्दोष निघाला तर चोर सोडून संन्याशाला फाशी होते. बुद्धिबळाच्या मोठ्या संकेतस्थळांवर एखाद्यावर चर्चेत जाहीरपणे फसवणुकीचा आरोप करण्यालाच मज्जाव आहे, कारण तपासायची साधने त्यांच्याकडे असतात आणि आपल्याकडे फक्त संशय असतो. रिप्ले (मॅचचे रेकॉर्डिंग) जपून ठेवावा, गेममधूनच रिपोर्ट करावा आणि पुढची मॅच लावावी. आपल्यातलाच कुणी खरोखर हॅक वापरताना सापडला, तर मात्र त्याची गय करू नकोस.

कुणाचा पत्ता, फोन नंबर, शाळेचे नाव, घरचा फोटो ग्रुपवर टाकणे, किंवा टाकीन अशी धमकी देणे, याला दुसरी संधी नको. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातील विचिटा शहरात ‘कॉल ऑफ ड्यूटी’ खेळणाऱ्या दोघांत दीड डॉलरच्या पैजेवरून वाद झाला. एकाने ‘ये बघू’ म्हणून आपला जुना पत्ता दिला, दुसऱ्याने तिसऱ्याकरवी पोलिसांना त्या पत्त्यावर खून झाल्याचा खोटा फोन करवला, आणि दारात आलेल्या माणसाला पोलिसांची गोळी लागली. मेलेल्या माणसाचा त्या खेळाशी काहीही संबंध नव्हता. फोन करणाऱ्याला २० वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे असे कसे होईल, असे तुला वाटेल. बसस्टँडवर गाठून मारतो, अशी भाषा तुझ्याच ग्रुपवर झाली आहे, हे तूच लिहिले आहेस.

पैशांचे थोडक्यात सांगतो. गेमचे आयडी विकणे, स्वस्तात यूसी (गेममधले चलन) मिळवून देणे, पैसे लावून रूम (खासगी मॅच) खेळवणे हे ग्रुपवर होऊ देऊ नकोस. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने बंदी आहे. ई-स्पोर्ट्सला त्याने मान्यता दिली असली तरी प्रत्येक रूममधली पैज म्हणजे ई-स्पोर्ट्स नव्हे. कुणी फसलाच तर ग्रुपवर रडत बसण्यापेक्षा १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायला सांग.

राहिला तू स्वतः. माळेगावच्या जत्रेत कुस्तीच्या फडात पंच स्वतः लांग कसून उतरत नाही. तसेच वाद चालू असेपर्यंत अ‍ॅडमिनने बाजू घ्यायची नसते, आणि घ्यावीशी वाटली तर त्या दिवसापुरता निर्णय दुसऱ्याकडे सोपवायचा असतो. समज द्यायची ती आधी वैयक्तिक मेसेजवर द्यावी, कारण चारचौघांत दिलेली समज मुलगा मानापमानाची करून बसतो. तुझा खोलीतला दोस्त आणि हिंगोलीचा अनोळखी मुलगा यांना एकाच चुकीसाठी वेगवेगळी शिक्षा दिलीस, तर ते ग्रुपच्या लगेच लक्षात येईल आणि त्यानंतर तुझा कुठलाही निर्णय टिकणार नाही. कुणाला काढलेस तर कारण एका ओळीत लिहून ठेव.

फेब्रुवारीपासून तुझा अभ्यास वाढेल, तेव्हा आतापासूनच आणखी दोन अ‍ॅडमिन नेम. ते तुझ्या जिल्ह्याचे नसावेत, आणि त्यांतली एक, तिची तयारी असेल तर, मुलगी असावी. नियम तिघांनी मिळून लिहा. मोबाइलच्या एका स्क्रीनवर मावतील एवढेच ठेवा. मसुदा मला पाठवलास तर मी वाचून देईन, पण कंधारच्या मुलाला फोन त्याआधी कर आणि तो काय म्हणाला ते कळव.

तुझे
सर