आधी भुगा वाळव, मग बुचात घाल

बुचात पिकाचा भुगा मिसळून केलेल्या सोलचा तुझा नमुना बघितला, दादा. सोल भेगाळला, कारण पऱ्हाटीचा, म्हंजे कपाशीच्या काड्यांचा, भुगा ओलाच होता. आपल्याकडं तुराट्या, सोयाबीनचं भुसकट, उसाचं चिपाड बक्कळ. पण हे सगळं पाणी पितं अन् फुगतं. बुचात सुबेरिन नावाचं मेणासारखं द्रव्य असतं, म्हणून ते पाणी धरत नाही. मात्र बूच मुख्यतः पोर्तुगालचं. बूच म्हंजे झाडाची साल, अन् तिथं ती 9 वर्षांतून एकदाच काढतात, तेव्हा भाव ऐकून दचकू नकोस. भुगा मेच्या उन्हात कडकडीत वाळव, बारीक चाळ, सुरुवातीला दहात एकच वाटा घाल. चिकटवायला रबराचा चीक घे. पांढऱ्या डिंकापायी माझे तीन जोड गेले. अन् जमिनीला घासणारा थर रबराचाच ठेव. काळ्या रानातला चिखल कुणाचं ऐकत नाही.