‘तुले काय समजस?’ म्हणणारं मन

प्रश्न : मी साक्री तालुक्यातली, बीएस्सी अ‍ॅग्री. स्पर्धा परीक्षेतून कृषी खात्यात लागले, नेमणूक रावेरला. शेतकरी बैठकीच्या आदल्या रात्री एक-दीड वाजेपर्यंत वाचत बसते. तीस वर्षं केळी पिकवणारे आबा-काका समोर असले की वाटतं, आज आपलं पितळ उघडं पडणार. बैठक छान झाली तरी धास्ती जात नाही. घरचे म्हणतात, ‘तू हुशार आहेस.’ तेही खोटं वाटतं.

उत्तर : बैठक छान होऊनही धास्ती जात नाही, खरी मेख इथंच आहे. यशाचं श्रेय मन जागरणाला देऊन टाकतं, तुमच्या नावावर काहीच जमा होत नाही. मग पुढच्या वेळी पुन्हा जागरण. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये कर्तबगार स्त्रियांच्या अभ्यासातून, ‘आपण लायक नाही, कधीतरी पितळ उघडं पडेल’ या भावनेचं वर्णन केलं. इम्पोस्टर सिंड्रोम हे नाव रूढ असलं, तरी तो मानसिक आजारांत मोडत नाही.

म्हणून सुरुवात जागरणापासून करा. पुढच्या बैठकीची तयारी घड्याळ लावून दीड तासात संपवा. झोपण्यापूर्वी लिहा : उद्या नेमकी काय फजिती होईल? बैठकीनंतर त्याखाली, प्रत्यक्षात काय झालं. पहिल्या खेपेला धास्ती वाढेल, ती वाढणारच. चार-पाच बैठका होईपर्यंत निकाल काढू नका. तयारी एकदम बंद मात्र करू नका. खरोखर अडखळलात तर ‘तुला काही येत नाही’ म्हणणाऱ्या मनातल्या आवाजाला आयता पुरावा मिळेल.

आवाज दाबायला गेलं की तो जास्तच उसळतो. त्याला वहीत उतरवा. रोज संध्याकाळी दहा मिनिटं, एकच प्रसंग. मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं लिहा. अहिराणीत आलं तर अहिराणीतच, ‘तुले काय समजस?’ (तुला काय कळतं?) प्रमाण मराठीत नेलं की त्याची धार जाते आणि मग तपासायला काही उरत नाही. ते शंभरात किती खरं वाटतं, आकडा टाका. मग पुरावे, बाजूचे आणि विरुद्धचे. इथं बहुतेक जण चुकतात : ‘मला भीती वाटली’ हा पुरावा नव्हे. दुसऱ्यालाही दिसलं-ऐकू आलं असतं तेवढंच धरा. शेवटी पुराव्यांना धरून नवं वाक्य, आणि पुन्हा आकडा. ‘मी सगळ्यांत हुशार’ असलं काही लिहू नका, मन ते लगेच परतवून लावतं. ‘दहापैकी आठ प्रश्नांची उत्तरं दिली, दोन विचारून सांगितली’ हे टिकतं. आकडा ऐंशीवरून साठवर आला तरी पुष्कळ झालं.

आबांनी डागाळलेलं पान पुढं केलं आणि सिगाटोका (केळीच्या पानांवरचा करपा) की आणखी काही, कळेना, तर सरळ म्हणा, ‘आबा, खात्रीनं सांगता येत नाही. पालच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून उद्या फोन करते.’ आणि फोन कराच. अनुभवी शेतकऱ्याला ठोकून दिलेलं उत्तर लगेच कळतं.

झोप, भूक बिघडून दोन आठवडे मन उदास राहिलं तर वहीवर विसंबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तिथं मराठीत बोलता येतं.

प्रश्न : मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. ‘इथं सगळे माझ्यापेक्षा पुढे’ म्हणतो. मी काय बोलू?

उत्तर : ‘तू हुशारच आहेस’ म्हणालात की पुढच्या वेळी अपयश लपवावं लागतं. त्याऐवजी विचारा, ‘या आठवड्यात कुठलं गणित अडलं? कुणाला विचारलंस?’ त्याचं बोलणं संपेपर्यंत सल्ला देऊ नका.