आधी कड पाहा

प्रश्न : जुन्या सामानात एका छोट्या डबीत पदक मिळालं. एका बाजूला बुडणारं जहाज, दुसऱ्या बाजूला खिडकीतून तिकिटं विकणारा सांगाडा. मजकूर जर्मन आहे आणि तारीख ५ मे १९१५. हे अस्सल जर्मन पदक आहे की नक्कल? नक्कल असेल तर जपून ठेवण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर : डबीचा उल्लेख वाचला तेव्हाच मला अंदाज आला होता. तरी आधी एक साधा लोहचुंबक पदकाजवळ न्या. चिकटला, तर तुमच्या हातात बहुधा इंग्लंडमध्ये बनलेली प्रत आहे.

हे ‘लुसिटानिया’चं पदक. ७ मे १९१५ रोजी जर्मन पाणबुडी यू-२० ने हे प्रवासी जहाज आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ बुडवलं, सुमारे बाराशे माणसं गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये म्युनिकचे पदककार कार्ल ग्यॉट्स यांनी हे पदक खासगीरीत्या काढलं. त्यांचा रोष होता जहाजाच्या क्युनार्ड कंपनीवर. जर्मन वकिलातीने इशारा दिलेला असूनही कंपनीने प्रवासी नेले, असं त्यांचं म्हणणं. म्हणून तिकिटं विकायला मृत्यू बसवला आणि वर ‘सगळ्यात आधी धंदा’ अशा अर्थाचे शब्द घातले. दुसऱ्या बाजूला ‘निषिद्ध माल नाही’ हे कंपनीला टोचणारं वाक्य, आणि खाली तोफांनी लादलेलं जहाज.

पण तारीख चुकली. सातऐवजी पाच मे पडली. ही चूक वर्तमानपत्रातल्या बातमीमुळे झाली, असं ग्यॉट्स सांगत, आणि पुढे त्यांनी सात तारखेचं दुरुस्त पदकही काढलं. तोवर पहिलं पदक ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाच्या हाती लागलं होतं. ‘पाहा, जहाज बुडण्याच्या दोन दिवस आधीची तारीख! म्हणजे सगळं आधीच ठरलं होतं’, असा प्रचार सुरू झाला. लंडनमधल्या मोठ्या दुकानाचे मालक सेल्फ्रिज यांच्या मार्फत अडीच लाखांच्या आसपास प्रती काढल्या गेल्या आणि डबीत घालून शिलिंगला एक अशा विकल्या. पैसे युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांच्या सेंट डन्स्टन्स संस्थेला मिळाले. मूळ जर्मन पदकं पाचशेच्याही आत होती. शेवटी १९१७ मध्ये बव्हेरियाच्या सरकारने स्वतःच त्या पदकावर बंदी घालून ती जप्त करायचा हुकूम काढला.

आता ओळखायचं कसं? मूळ पदकं वाळूच्या साच्यात ओतलेली, कांस्याची. ब्रिटिश प्रती लोखंडाच्या, आणि कामही ओबडधोबड. मूळ पदकाच्या कडेवर बहुतेक वेळा ग्यॉट्स यांचं नाव असतं. काही थोडी मूळ पदकंही लोखंडाची आहेत, त्यामुळे एकट्या चुंबकावर निकाल देऊ नका. पदक आडवं धरा, उजेड कडेवर तिरपा पडू द्या आणि भिंगाने पूर्ण फेरी मारा. पुढची दोन चित्रं कितीही बोलकी असोत, पदक कुठे आणि कसं बनलं हे पुष्कळदा कडच सांगते. ती आधी पाहायची सवय लावून घ्या.

माझ्याकडेही हे पदक आहे. विकणाऱ्याने ‘अस्सल जर्मन’ म्हणून दिलं आणि मी सहा वर्षं तसंच समजत होते. एका संध्याकाळी दुसऱ्याच कामासाठी चुंबक काढला आणि तो टक्कन पदकाला बसला. कड पाहिली तर कोरी. दोन दिवस मी ते पदक कपाटातून बाहेर काढलं नाही. मग डबी नीट पाहिली, आतला कागद पुन्हा वाचला, आणि माझ्या लक्षात आलं की मी इतकी वर्षं चुकीचा प्रश्न विचारत होते. ग्यॉट्स यांनी कंपनीवर केलेली टीका त्यांच्या शत्रूने, म्हणजे ब्रिटिशांनी, उचलली, चित्रं तीच ठेवून तिचा अर्थ उलटा केला आणि घराघरांत पोचवला. तो सगळा व्यवहार माझ्या लोखंडी प्रतीत आहे, म्युनिकच्या मूळ पदकात नाही. तेव्हा तुमची प्रत जरूर ठेवा. मात्र डबी आणि आतला कागद पदकापासून वेगळे करू नका. कागद फाटला असेल तर चिकटपट्टी लावू नका.

प्रश्न : १९०५च्या सुमाराचं एक फ्रेंच कांस्यपदक घेतलं आहे. रंग काळपट तपकिरी आहे. पॉलिश करून मूळचा सोनेरी रंग आणता येईल का?

उत्तर : कृपा करून करू नका. तुम्ही ज्याला मळ समजता आहात तो बहुधा पदककाराने निवडलेला रंग आहे.

त्या काळातली बरीच कांस्यपदकं टांकसाळीतून बाहेर पडतानाच तपकिरी, काळपट किंवा हिरवट असत. रसायनं आणि उष्णता देऊन तो थर मुद्दाम चढवलेला असे. कारण पदकाची घडणच बदलली होती. पूर्वी कोरक्याला पोलादी ठशात उलटं कोरावं लागे. १८९९ साली व्हिक्टर जानव्हिए यांनी पॅरिसमध्ये आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्या यंत्राने मोठ्या आकाराचं शिल्प तंतोतंत लहान होऊन ठशावर उतरू लागलं. शिल्पकार थाळीएवढ्या प्लास्टरवर बोटांनी काम करू लागले, आणि पदकांत धुकं, पातळ वस्त्र, दूरची टेकडी असे हलके उठाव आले. फ्रेंच पदककार ओस्कार रोती यांचं एखादं पदक तिरप्या उजेडात धरून पाहा. वस्त्राची घडी कुठे संपते आणि पार्श्वभूमी कुठे सुरू होते, ते बोट फिरवूनही कळत नाही. असे उठाव दिसतात ते खोलगट भागात गडद आणि उंच भागात किंचित उजळ राहिलेल्या या थरामुळे. पॉलिशने तो एकदा निघाला की सगळं पदक सारखं चकाकतं आणि चेहरा सपाट दिसतो. पुन्हा चढवलेला रंग जाणकाराला लगेच कळतो.

धूळ असेल तर मऊ कोरड्या ब्रशने झटका. तेलकटपणा असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून, न घासता सुकू द्या, पण खोली हवेशीर ठेवा आणि जवळ ज्योत नको. पदकावर लाख किंवा रोगण असल्याची शंका असेल तर तेही नको, कारण ॲसिटोनने ते विरघळतं. हिरवी भुकटी पुन्हा पुन्हा येत असेल तर तो गंज पसरतो आहे. ते पदक बाकीच्यांपासून वेगळं काढा आणि धातू-जतनाचं काम करणाऱ्याला दाखवा.

आणि हो, कड पाहिलीत का? १८८० पासून पॅरिसच्या टांकसाळीच्या पदकांच्या कडेवर फळाफुलांनी भरलेल्या शिंगाचं बारीक चिन्ह आणि धातूचं नाव असतं. पण एवढ्यावरून तुमचं पदक १९०५ साली छापलं गेलं असं म्हणता येणार नाही. ती टांकसाळ जुन्या ठशांवरून पुढे कित्येक वर्षं पदकं काढत राहिली.

प्रश्न : पदकं प्लास्टिकच्या पाकिटात ठेवावीत की लाकडी पेटीत?

उत्तर : मऊ, वास येणारं पीव्हीसी प्लास्टिक नको, त्यातून सुटणारं आम्ल कांस्यावर हिरवा चिकट थर आणतं. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची पाकिटं चालतात. ओकच्या लाकडातूनही आम्लाची वाफ सुटते, शिशाच्या पदकांना ती फार बाधते. रबरबँड चांदीजवळसुद्धा नको. युद्धकाळातली लोखंडी पदकं असतील तर सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती वेळेवर बदला.

प्रश्न : पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकाच्या नावाची मोठी कांस्यचकती विकत मिळते आहे. अशी वस्तू संग्रहात ठेवणं योग्य आहे का? मन घेत नाही.

उत्तर : तुमचं मन घेत नाही, ते मला समजतं. ही १२० मिलिमीटरची चकती ब्रिटिश सरकारने मृतांच्या जवळच्या नातलगांना दिली. १९१७ मध्ये त्यासाठी स्पर्धा झाली, आठशेहून अधिक रचना आल्या, आणि एडवर्ड कार्टर प्रेस्टन यांची रचना निवडली गेली. हातात लॉरेलच्या पानांची माळ घेतलेली ब्रिटानिया (ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री), पायाशी सिंह, कडेने ‘तो स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य. एकूण तेरा लाखांहून जास्त चकत्या बनल्या, भारतीय सैनिकांच्या घरीही त्या पोचल्या. सुमारे सहाशे चकत्यांवर ‘तो’च्या जागी ‘ती’ आहे.

नाव उठावाच्या अक्षरांत ओतलेलं असतं, पण हुद्दा नसतो. मरणात अधिकारी आणि शिपाई असा भेद नको, म्हणून तो मुद्दाम गाळला. हुद्दा आणि पलटण सोबतच्या कागदी मानपत्रावर असे.

मी अशी एकच चकती घेतली आहे, आणि ती मोडीत जाणार होती म्हणून. तुम्हीही घेणार असाल तर विकणाऱ्याला मानपत्र, पत्रं, फोटो असं काही सोबत आहे का ते आधी विचारा. असेल तर सगळं एकत्र घ्या, वेगवेगळं विकत असतील तर काहीच घेऊ नका. कागद एका दुकानात आणि चकती दुसऱ्या दुकानात गेली की त्या माणसाची ओळख कायमची पुसली जाते. उठावाची अक्षरं तासून सपाट केलेली असतील तर मी ती घेणार नाही. आणि घरातलं कोणी शोधत आलं तर परत द्यायची तयारी हवी.

माझ्या चकतीबरोबर मानपत्र नव्हतं. राष्ट्रकुल युद्ध स्मशानभूमी आयोगाच्या नोंदींत ते नाव शोधलं, तर त्याच नावाचे चार जण निघाले, चौघे वेगवेगळ्या पलटणींतले. माझी चकती कोणाच्या घरची, ते ठरवता आलेलं नाही. चौघांच्या नोंदी उतरवून चकतीच्या लखोट्यातच ठेवल्या आहेत.