सोलापुरात मुलांच्या खेळ-नाटकाच्या वर्गांसाठी अनुदान कुठून मिळेल?

तुम्ही सोलापुरात संध्याकाळी मुलांचे खेळ घेता, सुट्टीत बालनाट्य शिबिर घेता आणि त्यासाठी एखाद्या ट्रस्टचं किंवा कंपनीचं अनुदान कसं मिळेल असं विचारलंय. इथपर्यंत ठीक. पण खाली तुम्ही एक ओळ जोडली आहे: "शिकवणारे आम्ही सगळे विनामूल्य आहोत, फक्त साहित्य आणि टी-शर्टांसाठी मदत हवी." ती वाचली आणि हातातला चहा तसाच निवला. ती ओळ आधी खोडा, मग बाकीचं बोलू.

मी पूर्व भागातल्या एका छोट्या क्रीडा मंडळाची सचिव आहे. नोकरी शाळेच्या ऑफिसात झाली, त्यामुळे पावत्या, व्हाउचर, ऑडिट हे डोळे झाकून करते. खो-खोतलं मात्र मला बाकावर बसून टाळ्या वाजवण्याइतकंच कळतं. शिकवायचे ते आमचे सर. स्वतः राज्य पातळीवर खेळलेले, दिवसभर पॉवरलूमवर काम, आणि पाच वाजता मैदानात हजर. आमच्याकडच्या निम्म्या मुली घरी तेलुगू बोलणाऱ्या, सरही तेलुगूच, त्यामुळे पोलवर सूर कसा मारायचा आणि गुडघा कसा सांभाळायचा हे ते मुलींना त्यांच्या भाषेत सांगायचे. आया विडीच्या कामाला. मुलगी शाळेतून आली की पानं कापायला, विड्यांची तोंडं बंद करायला घरात लागते, आणि खेळात गेलेला एक तास म्हणजे त्या घराचं खरोखरचं नुकसान असतं. तरी आया पाठवायच्या, कारण सर स्वतः घरी जाऊन सांगून आले होते. किशोरी गटाचा आमचा संघ तेव्हा चांगला बांधला गेला होता.

त्या सुमारास बाहेरगावच्या एका मोठ्या देणगीदार संस्थेनं अर्ज मागवले. नाव लिहीत नाही. मी अंदाजपत्रक केलं. सरांना महिना आठ हजार मानधन, स्पर्धांना जायचा एसटीचा खर्च, मुलींना रोज शेंगा-गूळ आणि केळी, प्रथमोपचाराची पेटी. सगळ्यात शेवटी साहित्य. मैदान पाहायला एक मॅडम आल्या, फार छान बोलल्या, मुलींबरोबर फोटो काढले. मंजुरीचं पत्र आलं तेव्हा मानधन उडालेलं, एसटी उडालेली, शेंगा-गूळ उडालेला. मंजूर काय, तर छातीवर त्यांचं नाव छापलेले टी-शर्ट, दोन नवे पोल, शंकू, चषक आणि उद्घाटनाचा मांडव. कारण दिलं होतं की मानधन हा प्रशासकीय खर्च आहे आणि तो पाच टक्क्यांच्या वर चालत नाही.

मी म्हटलं, पत्र परत पाठवू. आमचे भाऊजी मंडळाचे अध्यक्ष. ते म्हणाले, "वहिनी, घरी आलेल्या लक्ष्मीला परत पाठवतात का? आणि सर काय परके आहेत का ओ? ते कधी पैसे मागालेत का आपल्याला?" सर तिथेच बसले होते. ते काही बोलले नाहीत. सगळ्या सभेसमोर, अध्यक्षांच्या तोंडावर, "हो, मला पैसे पाहिजेत" असं कोण म्हणणार?

पुढचं सांगायला फार नाही. त्यांच्या कारखान्यात माग कमी झाले, पगार घटला आणि सरांनी एमआयडीसीत बारा तासांची वॉचमनची नोकरी धरली. मैदानावर नवे पोल आणि नवे टी-शर्ट, शिट्टी वाजवायला कोणी नाही. एक कॉलेजचा मुलगा काही दिवस यायचा, पण आया त्याच्या भरवशावर मुली पाठवेनात, आणि त्यांचं चूक नव्हतं. दिवाळीनंतर संघ उरलाच नाही. टी-शर्ट मात्र अजून टिकलेत. मुलींच्या भावांच्या अंगावर दिसतात.

वर्षाखेरीला संस्थेचा मेल आला, उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) पाठवा आणि सोबत एखाद्या मुलीची यशोगाथा पाठवा, शक्यतो गरीब घरातली. हिशेब मी पै-पैचा पाठवला. यशोगाथेच्या जागी लिहिलं, "प्रशिक्षक सोडून गेल्यामुळे वर्ग बंद आहे." त्यावर उत्तर आलं, हे वाक्य अहवालातून काढता येईल का? मी नाही काढलं.

आता तो पाच टक्क्यांचा मुद्दा, कारण तो तुमच्याही तोंडावर फेकला जाणार आहे. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ज्या कंपन्यांना सीएसआर, म्हणजे समाजकार्यावर खर्च करायचं बंधन, लागू आहे त्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के खर्च करायचे असतात. जानेवारी २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांत पाच टक्क्यांची मर्यादा आहे, खरं आहे. पण ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाचा कारभार चालवण्याच्या खर्चावर आहे. एखाद्या प्रकल्पाच्या अंमलबजावणीवर थेट होणारा खर्च त्यात धरत नाहीत, असं त्या नियमांतल्या कारभारखर्चाच्या व्याख्येतच लिहिलंय. मैदानावर उभा राहून शिकवणारा माणूस म्हणजे थेट अंमलबजावणीच की हो, दुसरं काय? आता ट्रस्ट किंवा फाउंडेशन स्वतःचे नियम स्वतः करू शकतं, तो त्यांचा पैसा. पण मग "आमचा नियम" म्हणावं, कायद्याच्या आड लपू नये.

आणखी एक. त्याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यतेचे खेळ, पॅरालिम्पिक आणि ऑलिंपिक खेळ यांच्या प्रशिक्षणावर खर्च करायला चक्क परवानगी आहे. पारंपरिक कलांचंही तिथे आहे. उलट, मॅरेथॉन किंवा पुरस्कारांसारखे एकवेळचे कार्यक्रम सीएसआरमध्ये धरले जाणार नाहीत, असं कंपनी व्यवहार मंत्रालयानं जून २०१४ च्या परिपत्रकात सांगितलं होतं. म्हणजे कायदा म्हणतो शिकवा, आणि आपल्याकडे वाटतात चषक.

सरकारी योजनांचं पाहा. व्यायामशाळा आणि क्रीडांगण विकासाचं अनुदान जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून मिळतं, पण ते बांधकाम आणि साहित्याचं. ते जरूर घ्या, नाही कशाला म्हणायचं. पण शिकवणाऱ्याचे पैसे द्यावेत हे सरकारलाही ठाऊक आहे. सीसीआरटी या केंद्र सरकारच्या सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेची सांस्कृतिक प्रतिभा शिष्यवृत्ती १० ते १४ वर्षांच्या मुलांना असते, वर्षाला ३,६०० रुपये, आणि गुरूच्या फीसाठी वेगळे ९,००० रुपयांपर्यंत. तुमच्या शिबिरातलं एखादं मूल गाण्यात, नाचात, नाटकात खरंच चमकत असेल तर त्याचा अर्ज आधी भरा. मोठ्या मुलांना, १८ ते २५ वयाच्या, संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती आहे, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. हे पैसे संस्थेला मिळत नाहीत, मुलाला मिळतात, म्हणून मंडळं याकडे बघतच नाहीत. बघा.

भाऊजी भाषणात नेहमी सर दोराबजी टाटांचं नाव घेतात. सेवा असावी तर अशी, वगैरे. बरोबर आहे, पण गोष्ट पुरती सांगावी. १९१९ मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्यावर दोराबजींनी गावाकडची अनवाणी पोरं पळताना पाहिली. कप देऊन, हार घालून घेऊन ते घरी गेले असते तर कोणी नावं ठेवली नसती. त्यांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा संघ जावा म्हणून धडपड केली आणि खर्चाचा मोठा भाग स्वतःच्या खिशातून दिला. बेळगावकडचा फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉनमध्ये १९ वा आला. पैसा धावणाऱ्यावर खर्च झाला. टाटांचं नाव घ्यायचं तर हे घ्या.

सेवेचा बाजार मांडू नका, हे भाऊजींचं आवडतं वाक्य. मला पेन्शन आहे. त्यांना पेन्शन आहे, शिवाय दोन गाळ्यांचं भाडं. आम्हाला फुकट सेवा परवडते. मागावर उभ्या राहणाऱ्या माणसाला नाही परवडत, आणि आमच्या भागात खो-खो शिकवू शकणारी माणसं मागावर, एमआयडीसीत आणि रिक्षावरच आहेत. फुकट शिकवणाराच चालेल म्हटलं की ज्याचं पोट भरलेलं आहे तोच शिकवणार. त्याला खेळ येतो का, हा प्रश्न मग कोणी विचारत नाही. गणपतीत डॉल्बीला लाख निघतात, त्या डॉल्बीवाल्याला कोणी सेवा करायला सांगत नाही!

कागदांचं तुम्हाला माहीत असेलच, म्हणून अडकतं कुठे तेवढंच सांगते. धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत अजून मयत विश्वस्तांची नावं असतील तर आधी ते निस्तरा. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो, बहुतेक मंडळं वर्षानुवर्षं देत नाहीत आणि मग देणगीदार पहिल्याच कागदाला थांबतो. कंपनीकडे जायचं तर १२ए, ८०जी या आयकराच्या नोंदण्या, तीन वर्षांचं काम आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी लागते. ती एप्रिल २०२१ पासून सक्तीची आहे आणि फॉर्मवर सीए, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंटची सही लागते. कंपन्या आपल्या कारखान्याच्या आसपासच्या कामाला आधी हात देतात, तेव्हा मुंबईचे पत्ते शोधण्यापेक्षा चिंचोळी आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपासून फताटेवाडीच्या एनटीपीसी वीज केंद्रापर्यंत सगळीकडे एकदा जाऊन या. मेल करून काही होत नाही, जावं लागतं.

गावातल्या व्यापाऱ्यांना कमी लेखू नका. आम्हाला शेवटी हात दिला तो एका सुताच्या व्यापाऱ्यानं. दर महिन्याला मंडळाच्या नावानं पाच हजारांचा चेक, आणि अट एकच, फ्लेक्सवर माझा फोटो नको. सोलापुरात अशी अट घालणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ८०जी असेल आणि ते जुन्या करपद्धतीत असतील तर त्यांना करात सवलत मिळते, पण दोन हजारांच्या वर रोख दिले तर नाही मिळत, म्हणून चेकच मागा. सर आता फक्त रविवारी येतात. वॉचमनची नोकरी त्यांनी सोडलेली नाही आणि पाच हजारांवर सोडा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. नंतर एका कंपनीनं नियमाची ती ओळ दाखवल्यावर मानधन मान्य केलं, त्यावर आम्ही खो-खो खेळलेली एक मुलगी ठेवली आहे. आया तिच्याकडे पाठवतात. भाऊजींनी ठरावावर सही केली, पण "माझा विरोध नोंदवा" म्हणून. नोंदवलाय.

थोडी सावधगिरी. मानधन घ्यायचं ठरलं तर ठरावात लिहा, बँकेतून द्या, हजेरीपत्रक ठेवा. विश्वस्ताच्या घरातल्याच माणसाला मानधन लावाल तर लोक बोलतील आणि ऑडिटरही बोलेल, ते टाळा. सगळेच देणगीदार आमच्या त्या संस्थेसारखे नसतात, काही फार समजूतदार असतात, हे मला आधीच लिहायला हवं होतं. परदेशातला कोणी पैसे पाठवतो म्हणाला तर पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर अडचण नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलेलं असेल तर ती परदेशी देणगी ठरते, आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना ती घेणं गुन्हा आहे, मग तो सख्खा मामा का असेना.

नाटकाच्या शिबिराचंही हेच. पोरांचा मेकअप, कपडे, नेपथ्य याला कोणीतरी देतं, हुतात्मा स्मृतिमंदिरात प्रयोग म्हटलं की पाहुणे म्हणून यायलाही लोक तयार असतात. तालमी घेणाऱ्याला मात्र रिक्षाभाडंही मिळत नाही. अंदाजपत्रकात मानधनाची ओळ सगळ्यात वर घाला. रक्कम कमी करा म्हणाले तर टी-शर्ट कापा, चषक कापा, मांडव कापा. त्या ओळीला हात लावू देऊ नका, आणि तुमच्या अध्यक्षांना पेन्शन असेल तर त्यांनाही लावू देऊ नका.