गड उतरताना गाडी गिअरवर धर

प्रश्न : काका, चार महिन्यांपूर्वी लायसन्स मिळालं. कॉलेज रोड, गंगापूर रोडला रोज गाडी चालवते. चैत्रात आई-बाबांना वणीच्या गडावर न्यायचंय. चढायची नाही, उतरायची भीती वाटते. बाबा म्हणतात, उतारावर न्यूट्रल कर, पेट्रोल वाचतं. खरं का?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : मुली, तुझी भीती अगदी बरोबर जागी आहे. एसटीत ३१ वर्षं स्टिअरिंग धरलं, त्यातली बरीच या गडाच्या फेऱ्यांवर. चढताना गाडी फार तर बंद पडते. जपायचं ते उतरताना.

बाबांना नमस्कार सांग, पण न्यूट्रलचं ऐकू नकोस. कार्ब्युरेटरच्या काळापासूनचा हा समज आहे. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर ठेवून ॲक्सिलरेटर सोडला, की उतारावर इंजिनाला पेट्रोल जाणं जवळपास थांबतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू राहायला ते जातच राहतं. शिवाय इंजिनाचा आवर सुटला, की सगळा भार एकट्या ब्रेकवर.

तो भार काय असतो, ते मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पाहिलं. भरलेली गाडी, उतार, आणि मी ब्रेक दाबूनच धरलेला. आधी जळका, उग्र वास आला. मग पाय तेवढाच दाबत होतो, पण गाडी आवरेना. खालचा गिअर पडला म्हणून कशीबशी कडेला घेतली. कंडक्टरने उडी मारून चाकाला दगड लावला. एक प्रवासी पाण्याची कळशी घेऊन आला, त्याला थांबवलं. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतलं तर ड्रम तडकतो. अर्धा तास नुसते उभे राहिलो. आजही घाटात तसा वास आला, की छातीत धस्स होतं.

म्हणून ज्या गिअरमध्ये चढलीस, त्यातच उतर. दुसरा गिअर उतार सुरू व्हायच्या आधीच टाक, मध्यावर शोधू नकोस. ब्रेक वळणाच्या आधी दाब, वेग उतरला की सोड. ऑटोमॅटिक असेल तर डीवर न ठेवता एल किंवा मॅन्युअलवर घे. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट दे, तसा नियमच आहे. मागचा कितीही हॉर्न वाजवू दे, जागा दिसली की त्याला पुढे जाऊ दे.

रामनवमी ते चैत्र पौर्णिमा मात्र टाळ. खानदेशातून लोक पायी येतात, रात्रीसुद्धा रस्त्याच्या कडेने चालतात. यात्रेच्या गर्दीत खासगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात, वर एसटीनेच जावं लागतं. एरवीही दिंडोरी-वणी रस्त्यावर अंधार पडायच्या आत परत ये. मागे लाल दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली अगदी जवळ गेल्यावरच दिसते, आणि ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते.

आई-बाबांना नेण्याआधी एकदा सकाळी, जाणत्या माणसाला शेजारी बसवून गड चढून-उतरून ये. आणि प्रसादाची पिशवी, पाण्याची बाटली मागच्या सीटवर आईजवळ दे. पुढे पायाशी ठेवलेली बाटली उतारावर घरंगळत ब्रेकखाली जाते.