वाचक विचारतात : पॉलिग्राफच्या आधीचा अर्ज

प्रश्न : मी वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून २०१६ साली निवृत्त झालो असून भुसावळला राहतो. माझा मुलगा अमेरिकेचा नागरिक आहे आणि तेथील एका सरकारी गुप्तवार्ता संस्थेत संगणक सुरक्षेच्या कामासाठी त्याची सशर्त निवड झाली आहे. सुरक्षा मंजुरीचा, म्हणजे गोपनीय माहिती हाताळण्याच्या परवानगीचा, अर्ज त्याने भरून दिला असून आता पॉलिग्राफ, म्हणजे खोटे पकडणारी म्हणून ओळखली जाणारी यंत्राची चाचणी, व्हायची आहे. तो लहानपणापासून मनाला लावून घेणारा आहे; गुरुजींनी वर्गात ‘हे कोणी केले?’ असे विचारले, की काही न करताही याचाच चेहरा उतरायचा. त्याला रक्तदाबाची गोळी चालू आहे. नात्यातील एका डॉक्टरांनी चाचणीच्या दिवशी मन शांत ठेवणारी आणखी एक गोळी घेण्यास सुचवले आहे, तर भाच्याने श्वासावर ताबा ठेवण्याचे व्हिडिओ पाठवले आहेत. माझी नोकरी त्याच्या आड येईल का? रावेर तालुक्यातील केळीच्या शेताच्या सातबाऱ्यावर त्याच्या आईच्या पश्चात वारसाने त्याचे नाव लागले आहे. ते कमी करून घ्यावे का? — एक वाचक, भुसावळ

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात घाई होण्याची भीती आहे. सातबाऱ्यावरील नाव आत्ता कमी करू नये. हक्कसोडपत्र करून नाव काढले, तरी फेरफाराची नोंद तारखेसह राहतेच, आणि ऐन चौकशीच्या काळातील ती तारीख जमिनीपेक्षा अधिक प्रश्न निर्माण करील. अमेरिकेतील सुरक्षा मंजुरीच्या अर्जात, ज्याला तेथे एसएफ-८६ म्हणतात, परदेशातील मालमत्तेची, परदेशी व्यक्तींना दिलेल्या आर्थिक मदतीची, परदेश प्रवासाची आणि परदेशी नातेवाइकांची माहिती स्वतंत्रपणे विचारलेली असते. वारसाने आलेला शेतीचा हिस्सा हा गुन्हा नाही. तो अर्जात नसणे मात्र महागात पडू शकते. आपल्या चिरंजीवांनी तो लिहिला आहे का, आपल्या औषधोपचारासाठी किंवा बहिणीच्या लग्नासाठी पाठवलेले पैसे नोंदवले आहेत का आणि ओसीआय (भारताचे परदेशस्थ नागरिक) कार्डाचा उल्लेख केला आहे का, हे त्यांनी स्वतः तपासावे. काही सुटले असेल, तर चाचणीच्या खुर्चीवर बसण्याची वाट न पाहता चौकशी अधिकाऱ्यांना आधीच कळवावे.

आपल्या नोकरीचेही तसेच आहे. जवळचा नातेवाईक परदेशी सरकार, सैन्य किंवा संरक्षण उद्योगाशी संबंधित आहे का, असा सरळ प्रश्न त्या अर्जात असतो. तेथे ‘निवृत्त, खासगी’ असे काही मोघम लिहिण्याचा मोह टाळावा. एक बारकावा सांगतो. वरणगावचा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे, परंतु आपण त्याआधी निवृत्त झालात, म्हणून आपला मालक संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील आयुध निर्माणी मंडळ हाच लिहिला पाहिजे. संकेतस्थळावर आज दिसणारे नाव मुलाने उतरवून घेतले असेल, तर ते दुरुस्त करून घ्यावे. २०१७ पासून लागू असलेल्या तेथील मार्गदर्शक तत्त्वांत परकीय प्रभाव हा तेरा निकषांपैकी एक निकष आहे, आणि त्यात नाते कोणाशी आहे, ते किती घट्ट आहे व त्यातून दबाव येऊ शकतो का, हे एकत्रितपणे तोलले जाते. वडील भारतात सरकारी कारखान्यात होते, एवढ्यावरून कोणी आपोआप बाद होत नाही.

आता यंत्राविषयी. पॉलिग्राफ खोटेपणा मोजत नाही. तो शरीराची चलबिचल मोजतो. छातीवर आणि पोटावर श्वास टिपणाऱ्या दोन नळ्या, दंडावर रक्तदाब मोजतात तसा पट्टा, बोटांना घाम टिपणाऱ्या पट्ट्या आणि हालचाल कळावी म्हणून खुर्चीवर एक संवेदक गादी, एवढीच ही सामग्री असते. प्रश्न अचानक येत नाहीत. आधी दीर्घ बातचीत होते, प्रत्येक प्रश्न वाचून दाखवला जातो, त्याचा अर्थ ठरवून घेतला जातो, आणि मगच पट्टा फुगवून तेच प्रश्न थोड्या थोड्या अंतराने, पुन्हा पुन्हा विचारले जातात. उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ असते. दंड बधिर होतो, नजर भिंतीवर ठेवायची असते आणि त्या शांततेत वीस-पंचवीस सेकंदही लांबतात. हे आधी ठाऊक असले, की निम्मी धास्ती कमी होते.

आपल्या मुलासारख्या मनाला लावून घेणाऱ्या माणसासाठी ती आधीची बातचीत हीच खरी जागा आहे. एखादा प्रश्न ऐकताच मनात काही खुपले, मग ते कितीही किरकोळ असो, तर ते त्याच वेळी बोलून टाकावे. परीक्षक साधारणतः प्रश्नाची रचना बदलतो आणि ‘तुम्ही सांगितले ते वगळून’ असे विचारतो. मात्र बोलणे म्हणजे स्वतःवर नसते आरोप ओढवून घेणे नव्हे. ‘मी वाईट माणूस आहे’ अशा सुरात विद्यार्थिदशेतील प्रत्येक चूक उगाळत बसण्याची आपल्याकडील चांगल्या घरच्या मुलांना खोड असते, आणि नंतर त्या कबुलीचे शब्द अर्जातील शब्दांशी जुळत नाहीत. जे घडले, जेव्हा घडले आणि जितके घडले, तितकेच सांगावे.

गोळी आणि व्हिडिओ, दोन्ही बाजूला ठेवावेत. रक्तदाबाची नेहमीची गोळी नेहमीच्या वेळी घ्यावी आणि तिचे नाव परीक्षकाला सांगावे. नवी गोळी मात्र घेऊ नये, कारण तिच्याविषयी विचारले जाते आणि खरे सांगितले तरी हेतूवर शंका येते. श्वास मुद्दाम लांबवणे, बोटे आवळणे, जीभ चावणे यांसारखे प्रकार परीक्षकांच्या पाहण्यातील असतात, आणि ते आढळले, की निर्दोष उमेदवारही सहकार्य न करणारा ठरतो. ज्याला लपवायचे काही नाही त्याने लपवणाऱ्याची साधने वापरावीत, यासारखा आतबट्ट्याचा व्यवहार दुसरा नाही. आदल्या रात्री झोप, सकाळी पोटभर न्याहारी आणि नेहमीइतकाच चहा, एवढी तयारी पुरे.

तरीही निकाल मनासारखा लागेलच असे नाही, आणि हे आपण पिता-पुत्रांनी आधीच समजून घ्यावे असे मला वाटते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ च्या आपल्या अहवालात एक हिशेब मांडला होता. दहा हजार कर्मचाऱ्यांत दहा हेर आहेत असे धरले आणि त्यांतील आठ सापडतील इतकी चाचणी कडक ठेवली, तर त्या आठांबरोबर सुमारे सोळाशे निरपराध माणसेही संशयित ठरतील. उलट बाजू अशी, की सीआयएमधील आल्ड्रिच एम्स सोव्हिएत संघासाठी हेरगिरी करीत असतानाच १९८६ आणि १९९१ मध्ये पॉलिग्राफ उत्तीर्ण झाला होता. त्याला अटक झाली १९९४ मध्ये. तेथील १९८८ च्या कायद्याने बहुतेक खासगी मालकांना नोकरभरतीत ही चाचणी वापरण्यास बंदी आहे. सरकारने स्वतःला त्यातून वगळले आहे. मला हा दुटप्पीपणा वाटतो, परंतु उमेदवाराला माझ्या मताचा उपयोग नाही.

निकाल ‘अनिर्णित’ आला किंवा पुन्हा बोलावले, तर त्याला अपयश समजू नये. दुसरी फेरी ही नित्याची बाब आहे. केवळ चाचणीच्या आलेखाच्या जोरावर, दुसरी काही ठोस माहिती नसताना, मंजुरी नाकारू नये असे वर सांगितलेल्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. मात्र नोकरीचा सशर्त प्रस्ताव मागे घेणे ही वेगळी गोष्ट आहे आणि तेथे संस्थांचे हात बरेच मोकळे असतात. म्हणून सध्याची नोकरी चिरंजीवांनी अंतिम पत्र हाती येईपर्यंत सोडू नये.

आपल्याकडूनही दोन गोष्टी अपेक्षित आहेत. चाचणीत काय विचारले, हे फोनवर खोदून विचारू नये. अमली पदार्थांपासून पैशांपर्यंतचे ते प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरे बापाला देण्यासाठी नसतात. आणि ‘पोरगा अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यात लागला’ ही बातमी जामनेर रोडवरच्या चहाच्या टपरीवर पोहोचू देऊ नये. अशा संस्था उमेदवारांना अर्जाविषयी वाच्यता न करण्यास सांगतात, आणि भुसावळमध्ये बातमीला रेल्वेपेक्षा कमी वेळ लागतो.

प्रश्न : माझ्या मुलीची केंद्रीय पोलीस दलात निवड झाली आहे. बांधाच्या वादातून भाऊबंदांनी दिलेल्या फिर्यादीत कॉलेजात असताना तिचेही नाव होते. पुढे सर्वजण निर्दोष सुटले. तिचीही अशी चाचणी होईल का? ते प्रकरण लिहावे का? — एक पालक, शिरपूर

उत्तर : अशा भरतीत पॉलिग्राफ घेण्याची आपल्याकडे रीत नाही. ही चाचणी येथे गुन्ह्याच्या तपासात वापरली जाते, आणि तीही व्यक्तीच्या संमतीशिवाय करता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात ५ मे २०१० रोजी दिला. मुलीला सामोरे जायचे आहे ते साक्षांकन नमुन्याला, म्हणजे उमेदवाराने स्वतःची माहिती खरी असल्याचे लिहून देण्याच्या अर्जाला, आणि पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीला.

प्रकरण अवश्य लिहावे. ‘आपणांस कधी अटक झाली आहे का, आपणांविरुद्ध गुन्हा दाखल झाला होता का’ या रकान्यांत सुटका झालेले खटलेही येतात. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या २०१६ च्या निकालानुसार तरुण वयातील किरकोळ प्रकरण लपवल्यास नियुक्ती अधिकारी ते माफ करू शकतात, पण माफ केलेच पाहिजे असे नाही; आणि खरी माहिती दिल्यानंतरही पूर्वचारित्र्य तपासण्याचा त्यांचा अधिकार कायम राहतो. पोलीस ठाण्याचे नाव, गुन्हा क्रमांक आणि कलमे फिर्यादीच्या प्रतीवरून व निकालाची तारीख निकालपत्रावरून जशीच्या तशी उतरवावी, न्यायालयातून निकालाची प्रमाणित नक्कल आत्ताच काढून ठेवावी आणि तिची एक प्रत नमुन्यासोबत जोडून पोच घ्यावी.