कुलपाची किल्ली कुणाकडे?

बाळ,

टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर झालास आणि लगेच लिहितोस, ‘नियम म्हणजे नुसते कागद, सही मिळाली की झालं.’ सह्या कशा मिळतात ते मलाही ठाऊक आहे, त्यावर वाद नको. नियम कुणासाठी असतो ते मात्र आधी डोक्यात घे. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याच्यासाठी.

रात्रपाळीला शेडचं दार बाहेरून कुलूपबंद, कारण माल जातो. जातही असेल. पण आत माग चालवणारा ‘कुलूप काढा’ म्हणेल? त्यानं उचल घेतलेली, उद्या परत त्याच दारात उभं राहायचंय. म्हणून त्याच्या वतीनं 1948 च्या कारखाना कायद्यानंच सांगून ठेवलं: आत माणूस असेतो दार आतून चटकन उघडलं पाहिजे, आणि सरकतं नसेल तर ते बाहेरच्या बाजूला उघडणारं हवं. बाहेरच्या बाजूला का? घाबरलेली दहा माणसं दारावर रेलली की आत उघडणारं दार उघडतच नाही. चोरीची भीती असेल तर आतून ढकलताच उघडणारी आडवी दांडी बसव, तिला घंटी जोड. कुणी बाहेर गेलं की कळेल, कोंडलं कुणी जाणार नाही.

टॉवेलचा धंदा म्हणजे तंतूंचा धंदा. मोटारीवर, ट्यूबलाइटच्या पट्टीवर, पॅनेलच्या आत बघ, कापसाची मऊ साय बसलेली असते. एक ठिणगी पुरते आणि आग वरच्या वर पळते. झाडून काढ, हवेच्या झोतानं उडवू नकोस, उडवलेला तंतू दुसऱ्या पॅनेलवर जाऊन बसतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार घालणाऱ्याला तिथल्या तिथे थांबव. पॅनेलजवळ कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, मालाजवळ पावडरचा किंवा पाण्याचा. पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे ना, ते स्वतः बघ. आणि वाटेत गठ्ठे नकोत. दोन तासांसाठी म्हणून ठेवलेला गठ्ठा वर्षभर हलत नाही, हे तुला सांगायला हवं का?

अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. ते भरणारा माणूस शेडमध्ये पाऊल टाकतो का, ते बघ. सूचना बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत लावायची, हेही 1948 च्या त्याच जुन्या कायद्यात होतं. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारे किती, आणि तुमचा फलक इंग्रजीत!

मे 2025 मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या आगीत मालकासह आठ जण गेले. आगीला मालक-कामगार कळत नाही, एवढं तुझ्या मालकाला सांग.

तू विचारतोस, चार हुतात्म्यांच्या गावात कायद्याचं कौतुक कसलं? प्रश्न बरोबर आहे. 1930 चा मार्शल लॉ हाही कायदाच होता, आणि 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा फासावर गेले. तो कायदा बळीच्या बाजूचा होता की बळजबरीच्या, हे सोलापूरकराला शिकवावं लागत नाही. मी तोच प्रश्न तुझ्या कुलपाला लावतोय. लोक मला हट्टी म्हणतात. म्हणोत. कोंडलेल्या माणसाच्या बाजूनं हट्ट करायचा नाही, तर कुणाच्या?

मालकाशी बोल, पण तोंडी नको. तारीख टाकून लेखी दे, पोच घे, एक प्रत घरी ठेव. आणि उत्तर येईपर्यंत रात्रपाळीला बाहेरून कुलूप लागणार नाही, किल्ली आतल्या माणसाकडे राहील, एवढं आजच कर.